भूतदया आणि शेजारधर्म

मराठी धर्मविचारात प्राणिमात्रांविषयीच्या कर्तव्याला भूतदया म्हणतात, आणि संतसाहित्यामुळे हे कर्तव्य इतके अंगवळणी पडले आहे की त्याच्या पोटातील अडचणींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘भूत’ म्हणजे जे जे जन्माला आले ते सर्व, आणि ‘दया’ म्हणजे त्याच्या दुःखाने अंतःकरण हलणे. या व्याख्येत एखादा जीव या भूमीतला आहे की बाहेरून आलेला, दुर्मीळ आहे की उदंड, याला काही स्थान नाही. उलट, ज्याला आज निसर्गसंवर्धन म्हणतात त्या विचाराची सारी मांडणी नेमक्या याच भेदावर उभी आहे. एक वनस्पती राखायची तर दुसरी मुळासकट उपटावी लागते, एक मासा टिकवायचा तर दुसऱ्याची वाढ रोखावी लागते, आणि ही निवड दयेच्या निकषाने नव्हे, तर कोणाच्या असण्यावर इतर किती जीव अवलंबून आहेत या निकषाने केली जाते. तेव्हा स्थानिक जीवसृष्टीचे रक्षण हे भूतदयेचेच नवे रूप मानावे, की तो निराळ्या आणि प्रसंगी भूतदयेशी भांडणाऱ्या धर्माचा आचार समजावा, हा प्रश्न उरतो.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत हे गाव द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा यांच्या उलाढालीमुळे देशभरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. आणि त्याच तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर, नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. तेथील पाणी निसर्गाने साठवलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी राजवटीने कालव्यांसाठी संगमावर बंधारा घातला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, गाळाची बेटे झाली, उथळ पाण्यात पाणकणीस माजले आणि पक्षी उतरू लागले. १९८६ मध्ये या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. (इराणमधील रामसर या शहरी १९७१ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला; त्या कराराच्या यादीत समाविष्ट जागेला रामसर स्थळ म्हणतात.) या स्थळाच्या नोंदीत ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे. त्यांत बिबट्या आणि चंदन आहे, नष्टप्राय ठरलेली गिधाडे आहेत, आणि देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक लहानसा मासाही आहे, ज्याला ना कोणत्या देवाचे वाहनपद लाभले, ना कोणत्या व्रतकथेत जागा मिळाली. त्याच नोंदीत धोक्यांच्या यादीत शहरी सांडपाण्यासोबत जे नाव येते ते मात्र तालुक्यातील प्रत्येकाच्या ओळखीचे आहे : पाणवेली.

ज्या वनस्पतीला पुस्तकांत जलपर्णी म्हटले जाते तिला गोदाकाठी पाणवेल म्हणतात. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील असून तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला शोभेसाठी भारतात आणले गेले. तिचे देठ फुगीर व हवेने भरलेले असतात, त्यामुळे ती मुळे पाण्यात सोडून तरंगत राहते, आणि सांडपाण्यातील नत्र व स्फुरद मिळाले की दोन आठवड्यांच्या आसपास तिचे क्षेत्र दुप्पट होऊ शकते. नाशिक शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या या वेलींचे थर सायखेडा आणि चांदोरीच्या परिसरात पात्र झाकून टाकतात, पुराच्या वेळी पुलाच्या खांबांना अडकतात आणि नंतर खाली अभयारण्याच्या पाण्यात पसरतात. पानांच्या या गालिच्याखाली उजेड पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, आणि पाण्यातील मूळच्या वनस्पतींबरोबर मासेही संपत जातात. पाणवेल काढलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. तथापि काठावर उभे राहून पाहिले तर त्याच थरावर लांब बोटांचा कमळपक्षी पाने दबू न देता चालत असतो आणि जांभळी पाणकोंबडी त्याच्या आडोशाने पिले वाढवते. यंत्राने वेली ओढून काढताना ही घरटीही उचलली जाणार, हे गृहीत धरावे लागते. भूतदया येथे नुसती गोंधळत नाही, ती मुकी होते. तिच्याकडे ‘कोणालाही दुखवू नये’ याहून अधिक सांगण्यासारखे काही नसते, आणि येथे तर काहीही केले किंवा काहीच केले नाही तरी कोणीतरी दुखावणारच असते.

या कोंडीचा सर्वांत कसून विचार मराठीत झाला तो ज्ञानेश्वरीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बाराव्या अध्यायात वृक्ष हा समत्वाचा दाखला म्हणून येतो, कारण तो लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला सारखीच सावली देतो. कीर्तनांतून व शालेय पुस्तकांतून हाच दाखला सर्वत्र पोहोचला. तेराव्या अध्यायातील अहिंसेचे विवेचन मात्र त्या मानाने कमी वाचले जाते, कदाचित ते अडचणीचे असल्यामुळे. ‘अहिंसा’ या एका पदाचे स्पष्टीकरण करताना ज्ञानदेव आधी अहिंसेच्या नावाने चालणाऱ्या हिंसेचा समाचार घेतात. यज्ञातील हिंसेला अहिंसा ठरवणाऱ्या मीमांसकांचा युक्तिवाद, त्यांच्या मते, झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण करण्यासारखा किंवा देऊळ मोडून त्याच देवाला आवारभिंत बांधण्यासारखा आहे. पुढे तर ते आयुर्वेदालाही सोडत नाहीत : एका जीवाच्या रक्षणासाठी कोणाची मुळे खणायची, कोणाची साल सोलायची, ज्यांचे कोणाशी वैर नाही अशा झाडांना सुकवायचे, आणि या साऱ्याला जीवरक्षण म्हणायचे, यातील विसंगती ते नेमकी दाखवतात.

यावरून ज्ञानदेवांना औषधोपचार नको होते असा अर्थ काढणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांचा आक्षेप कृतीपेक्षा तिच्या नावावर आहे. हिंसा करावी लागली तर तिला हिंसा म्हणावे, तिच्यावर पुण्याचे पांघरूण घालू नये, असा तो आक्षेप आहे. पाणवेल काढण्याच्या, घाणेरीची जाळी तोडण्याच्या किंवा काँग्रेस गवत उपटण्याच्या मोहिमांत उत्साहाने भाग घेणाऱ्या संवर्धकाला हा आक्षेप थेट लागू पडतो. उपटणे आवश्यक असू शकते, पण ते आवश्यक आहे म्हणून निष्पाप ठरत नाही; वेळ, जागा आणि विणीचा हंगाम पाहण्याची जबाबदारी त्यातूनच उत्पन्न होते.

याच विवेचनात पुढे अहिंसक पुरुषाच्या चालण्याचे वर्णन येते, आणि त्यासाठी ज्ञानदेवांनी निवडलेली उपमा चकित करणारी आहे. लाट मोडू न देता, पाण्याची शांतता भंगू न देता पाऊल टाकणारा जो कोणी त्यांना दिसतो तो बगळा आहे, आणि त्या बगळ्याची नजर त्याच्या भक्ष्यावर खिळलेली आहे. कमळाचा केसर दुखावेल या शंकेने हळुवार पाय ठेवणारा भुंगा लगेच पुढे येतो, परंतु आधी येतो तो मासे मारून खाणारा पक्षी. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, हा ग्रंथ ज्या नेवाशाला सिद्ध झाला ते प्रवरेकाठी आहे आणि प्रवरा पुढे गोदावरीलाच मिळते. तेव्हा हे निरीक्षण ग्रंथांतून उचललेले नसून याच खोऱ्यातील असावे, असे मानण्याचा मोह होतो. ते काहीही असो, अहिंसेच्या दाखल्यासाठी शिकारी पक्षी निवडणारा विचारवंत सृष्टीतील मारणे-मरणे नाकारत नाही, हे उघड आहे. त्याचे लक्ष पाऊल कोठे पडते, कशावर पडते, याच्या भानावर आहे. भूतदया अंतःकरणाची अवस्था सांगते. हे भान परिसराची माहिती मागते. ज्याला पाण्याखाली काय आहे हे ठाऊक नाही त्याला असे पाऊल टाकता येणारच नाही.

माहितीवाचून केलेली दया किती महाग पडते याचा दाखला बिबट्याने दिला आहे. गोदावरी आणि कादवेच्या काठचा ऊस हे आता बिबट्याचे घरच झाले आहे. मादी उसात विते, तोडणीच्या वेळी बछडे सापडतात, आणि वनविभागाचे कर्मचारी ते क्रेटमध्ये ठेवून त्याच जागी रात्रभर वाट पाहतात, कारण बहुतेक वेळा मादी अंधारात येऊन एकेक बछडा तोंडात धरून नेते. मोठा बिबट्या दिसला की मात्र गावाची मागणी एकच असते : पिंजरा लावा. पकडलेल्या जनावराला मारायचे नाही, दूर जंगलात नेऊन सोडायचे, हा तोडगा वरवर पाहता भूतदयेला साजेसाच आहे, आणि एकेकाळी जुन्नर परिसरात तो मोठ्या प्रमाणावर अमलात आणला गेला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, अशा स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर परत फिरते, वाटेत नव्या वस्त्यांतून जाते, आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे येते. याच संशोधकांनी पुढे अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात स्वयंचलित कॅमेरे लावून दाखवले की, दर शंभर चौरस किलोमीटरमध्ये पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे माणसांच्या दाट वस्तीत राहत होते. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले म्हणजे लक्षात येते की, जनावर वाचवल्याचे समाधान एका गावाला मिळाले आणि त्याची किंमत दुसऱ्या गावाने मोजली. फांद्या तोडून कुंपण करण्याचा प्रकार याहून निराळा नव्हता. ज्या घरातील मूल बिबट्याने नेले त्या घरासमोर मात्र हा युक्तिवाद कोणीही करू नये. तेथे संवर्धनाचे तत्त्वज्ञान अपुरे आहे, आणि ते अपुरे आहे हे मान्य करणे हाच त्याचा प्रामाणिकपणा.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतील आदिवासी समाजांत या सहवासाला जुने धार्मिक रूप आहे. अश्विन वद्य द्वादशीला पिंपळगावात आणि एकूण देशावर वसुबारस होते, सवत्स गाईची पूजा होते. त्याच तिथीला डोंगरपट्ट्यात वाघबारस असते आणि पूजा होते ती वाघदेवाची. रानाच्या सीमेवर दगड किंवा लाकडाची फळी उभी असते, तिच्यावर वाघासोबत बहुधा चंद्र, सूर्य आणि नाग कोरलेले असतात. गुराखी घरोघरचे धान्य गोळा करतात, नैवेद्य होतो, आणि वर्षभर गुरांना सांभाळ, आमच्या वाटेला जाऊ नकोस, अशी विनवणी केली जाते. एकच तिथी एकीकडे गाईला आणि दुसरीकडे गाईच्या भक्षकाला दिलेली असावी, हा योगायोग मानला तरी अर्थपूर्ण आहे. वाघदेवाविषयी भक्ताला दया वाटत नाही, आणि फारसे प्रेमही नसावे. वाटते ते भय आणि त्याच्या हद्दीविषयीची जाणीव. ज्याला मराठीत शेजारधर्म म्हणतात त्याचे हे जवळचे रूप आहे. शेजारी कोणी निवडून आणत नाही. तो आधीपासून असतो, कधी त्रास देतो, त्याच्याशी बांधावरून भांडणही होते, तरी त्याचे तेथे असणे नाकारता येत नाही. स्थानिक जीवसृष्टीविषयीचे कर्तव्य भूतदयेपेक्षा या शेजारधर्माच्या अधिक जवळचे आहे, असे येथे म्हणायचे आहे.

मग शेजारी कोण, हे ठरवण्याची कसोटी कोणती? केवळ मूळ ठिकाण पाहायचे तर पिंपळगावच्या बाजार समितीचे आवार निम्म्याहून अधिक परदेशी ठरेल. टोमॅटो, मिरची आणि मका अमेरिका खंडातून आले, आणि द्राक्षाची बिनबियांची वाणे कोणत्या मार्गाने आली हे बागाईतदारांना तोंडपाठ असते. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोचा आहे. सोने म्हणून लुटला जाणारा आपटा तेवढा येथला. धर्माने परक्याला आपले मानण्यात कधी कंजुषी केली नाही, आणि ते वाईट झाले असे म्हणण्याचे कारण नाही. मुद्दा जन्मस्थळाचा नाही, जडलेल्या संबंधांचा आहे. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घातली जाते त्याच पानांवर प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराचे सुरवंट वाढतात. पानातील विषारी चीक ते अंगात मुरवून घेतात आणि त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. असा संबंध घडायला अतिशय दीर्घ काळ लागतो. शोभेसाठी लावलेल्या परदेशी झाडावर फुले कितीही आली तरी त्याची पाने कुरतडणारे येथे फारसे कोणी नसते, आणि रोपवाटिकेत तर हाच त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. (ही कसोटी माणसांना लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. माणूस ही एकच प्रजाती आहे, आणि द्राक्षछाटणीसाठी दुरून आलेला मजूर पहिल्या दिवसापासून शेजारीच असतो.)

हे संबंध किती घट्ट विणलेले असतात हे उंबर, वड आणि पिंपळ या तीन पूज्य वृक्षांत दिसते. उंबराचे ज्याला फळ म्हणतात ते वास्तविक आत वळलेल्या शेकडो सूक्ष्म फुलांचे बंदिस्त दालन असते. त्याच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. त्यातून तिळाहून लहान गांधीलमाशीची मादी अंग घुसवते, या धडपडीत तिचे पंख गळून पडतात, आणि आत ती अंडी घालताना सोबत आणलेले पराग फुलांना लावून तेथेच मरते. पुढच्या पिढीतील बिनपंखी नर माद्यांसाठी बाहेरची वाट कोरून देतात आणि बहुधा बाहेरचा उजेड न भोगताच संपतात, तर माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. उंबराची माशी वेगळी, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. ज्या देशात पिंपळ नेला पण त्याची माशी गेली नाही, तेथे तो वाढतो, सावली देतो, परंतु रुजणारे बी धरत नाही. तोडण्यावरील धार्मिक निषेधाने हे वृक्ष राखले, हे निर्विवाद आहे. पण निषेध झाडापुरता होता, माशीला तो ठाऊक नव्हता. बांधावर फवारलेले कीटकनाशक पिंपळाला हात न लावता त्याच्या वंशावर घाव घालू शकते, आणि त्याने कोणतेही व्रत मोडल्यासारखे वाटत नाही.

बांधाचा प्रश्न म्हणूनच अभयारण्याइतकाच महत्त्वाचा आहे. मण्यांत पाणी उतरू लागले की साळुंक्या, बुलबुल आणि पोपट बागेवर येतात, आणि जाळी टाकणाऱ्या बागाईतदाराला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल; कर्जावर उभ्या असलेल्या बागेला भूतदयेचा उपदेश करणे सोपे असते. परंतु बोर, बाभूळ, करंज आणि उंबर यांनी भरलेला रुंद बांध जेथे ठिबकच्या नळ्यांसाठी आणि एका जास्तीच्या ओळीसाठी कोरला गेला, तेथे पाखरांना द्राक्षाखेरीज दुसरे काही उरलेच नाही, हेही हिशेबात धरले पाहिजे. घराच्या परसातील बागेलाही हेच लागू आहे. नाशिकजवळ सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर नागरिकांच्या श्रमांतून २०१५ पासून केवळ स्थानिक प्रजातींची ‘देवराई’ उभी राहिली आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, जेथील वाळलेले लाकूडही नेऊ नये असा दंडक असतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात अशा रानांचा अभ्यास करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय मोल प्रथम ठळकपणे मांडले. हाताने लावलेल्या रानाला देवराई म्हणावे का, असा प्रश्न एखादा कर्मठ विचारू शकेल. नांदूर मध्यमेश्वरचा बंधाराही हातानेच बांधला होता, एवढे उत्तर त्याला पुरेसे आहे.

मात्र धर्म हा निसर्गाचा स्वभावतःच मित्र आहे, या लाडक्या समजुतीला अलीकडचा अनुभव दुजोरा देत नाही. अनेक देवरायांत उघड्यावरच्या तांदळ्यासाठी (देव मानलेल्या अनघड दगडासाठी) सिमेंटचे मंदिर, मंदिरासाठी रस्ता आणि रस्त्यासाठी राई, असा क्रम झाला आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारण्याकरिता नाशिकच्या तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला, तेव्हा शहरात त्याला मोठा विरोध झाला, आणि त्या विरोधाला उत्तर म्हणून तोडलेल्यांच्या बदल्यात अन्यत्र अधिक झाडे लावण्याची हमी देण्यात आली. देऊळ मोडून आवारभिंत बांधण्याची तेराव्या अध्यायातील उपमा एवढ्या नेमकेपणाने क्वचितच कोठे लागू पडली असेल. नांदूर मध्यमेश्वरलाच मृगव्याधेश्वराचे स्थान आहे, आणि रामाने सुवर्णमृगाच्या रूपातील मारीचाचा वध तेथे केला अशी स्थानिक श्रद्धा आहे. कोणत्याही रानात नसलेल्या झळाळत्या हरणाच्या मोहातून पुढील अनर्थ ओढवला, हा त्या कथेचा धागा भाविकांना पाठ असतो. पाणवेलही जांभळ्या फुलांच्या मोहानेच आली होती, हे मात्र पाण्याशी उभे राहूनही कोणी एकमेकांना सांगत नाही.

हे सांगण्याचे काम शाळेचे आहे, आणि कायद्याने तशी सोयही केलेली आहे. १९९१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पर्यावरण हा सक्तीचा विषय झाला, परंतु व्यवहारात तो प्रकल्पवहीतील चिकटवलेल्या चित्रांपुरता उरला. त्या चित्रांत बहुधा व्हेल आणि पांडा असतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या हद्दीतील जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या लोकज्ञानाची नोंदवही ठेवायची आहे, आणि या नोंदवहीचे काम खऱ्या अर्थाने व्हायचे असेल तर ते विद्यार्थ्यांच्या हातून, त्यांच्याच वस्तीवर आणि बांधावर व्हायला हवे. निफाड तालुक्यातील मुलांना अशी यादी करायला सांगितली तर तिच्यात पहिली नावे गोड पाखरांची येणार नाहीत. द्राक्षे फोडणारी साळुंकी, उसातला बिबट्या, कांद्याच्या चाळीत शिरणारा नाग आणि मोटारीच्या पाइपात अडकणारी पाणवेल, अशा क्रमाने ती उतरेल, आणि त्यातला बिबट्या व पाणवेल एकाच रकान्यात का बसत नाहीत, यावर वर्गात वाद होईल. हा वाद शिक्षकाने लवकर मिटवू नये.